फळीवरचा बाण

३ मार्च

फाडली! शिक्षिकाबाईंची फणसाची फळी आज मी फाडली. रंध्याच्या पात्याने मधोमध, तळहाताएवढ्या जागेत, लाकडाच्या रेषाच उपटून निघाल्या. उंदराने कुरतडल्यासारखी दिसतेय. त्यांच्या अंगणातलं झाड पडलं, त्यातून धड अशी ही एकच फळी निघाली. दुसरी नाही. आणि टेबल शनिवारी द्यायचंय.

आमच्या कारखान्यात रीत ठरलेली — बाबा लाकडाची रेषा कुठे चढते ते बघून फळीच्या कडेवर पेन्सिलीने बाण काढणार, मी त्या दिशेने रंधा मारणार. उलट मारला की लाकूड फाटतं. चौदा वर्षं. बाण दिसला की मी लाकडाकडे बघतसुद्धा नाही. आजही बघितलं नाही.

"घाई केलीस," बाबा म्हणाले. घाई कसली डोंबलाची! जाम राग आला.

४ मार्च

सकाळी फळी उजेडात नेली. बाण उलटा आहे. रेषा डावीकडे चढतेय, बाण उजवीकडे. नवशिक्याचीही अशी चूक होणार नाही.

मग एकेक आठवायला लागलं. परवा बाबांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर हवेत ठेवला. पेपर हल्ली आईकडून वाचून घेतात — म्हणे, "त्यात वाचण्यासारखं असतं काय?"

मी बाबांशी भांडायचं ठरवून गेले होते. त्यांना बघून परत फिरले. रबर घेतलं आणि बाण पुसून टाकला. आपली चूक कळली तर ते पुन्हा पेन्सिल हातात धरायचे नाहीत.

५ मार्च

अर्धा दिवस पात्याला धार. मनगटावरचे केस उडेपर्यंत. पातं जेमतेम केसभर बाहेर ठेवलं, फळी ओल्या फडक्याने पुसली, रंधा तिरका धरला. गाठीपाशी रेषा पुन्हा फिरते — तिथे थांबायचं आणि उलटीकडून यायचं. शेवटी कांद्याच्या सालीसारखी ढलपी सुटायला लागली!

आई दारातून म्हणाली, "फळी घासतेस की मालिश करतेस?"

६ मार्च

झाली. पॉलिश पेपर लावावाच लागला नाही. फळी एक सूत पातळ झालीय, पण काचेसारखी गुळगुळीत.

बाबांनी वरून तळहात फिरवला. मग कडेवरून बोट.

"घाईतच फाटली होती ना?"

"हो. घाईतच."

मी खोटं बोलले, पण बरं वाटलं.

७ मार्च

टेबल गेलं. बाई कितीतरी वेळ त्यावर कोपर टेकून बसल्या होत्या.

९ मार्च

नव्या फळ्या आल्या. बाबांनी कानामागची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.

"बाण पुसलास तरी खाच राहते. बोटाला कळते," म्हणाले. "बाण आता तू काढ."

काढला. मुद्दाम दाबून काढला — त्यांच्या बोटाला लागावा म्हणून.