बिना नांगराचा मका

बाबा, यंदा तुमच्या पोराचा, माझ्या दादाचा, मका करपला. हे तुमाले सांगाले मले किती बरं वाटून राहिलं, ते तुमी जिवंत असते तर तोंडातून निघालंच नसतं. हातात जे असेल ते फेकून मारलं असतं तुमी. आता मारता येत नाही, म्हणून सगळं सांगते. बोडीच्या तळ्याखालच्या तुमच्या त्या मोठ्या बांधीत धान निघाल्याबरोबर त्यानं ट्रॅक्टर घातला. आधी पलटी नांगर, मग रोटावेटर, ढेकळं फुटली नाहीत म्हणून पुन्हा रोटावेटर. माती अशी पिठासारखी केली, जशी काही तिची भाकर थापायची आहे. मग वावराच्या कडेले धुऱ्यावर उभा राहून तुमच्यासारखीच मूठभर माती बोटांतून सोडून राहिला अन् माझ्याकडे पाहून म्हणते, "पाय, याले म्हणतात वावर. तुह्यासारखं नाही, धसकटात दाणे कोंबून मोकळी." जेवढ्या वेळा माती उलटली तेवढ्या वेळा तिच्या पोटातली ओल उन्हाले दाखवली, हे त्याले कोण सांगणार? तुमचा पोरगा आहे तो. तुमाले तरी कोणी काही सांगू शकलं होतं का?

धनी गेल्यावर मी माहेरी परत आली, हे तुमाले माहीत नाही. तुमी त्याच्या कितीतरी आधी गेलेले. तुमी गेले तेव्हा मी सासरहून आली अन् रडली. चार बाया पाहत होत्या म्हणून रडली. भावानं मले कडेची बांधी दिली, दगडासारखी कडक, अन् वरून गावभर सांगत फिरला, बहिणीले हिस्सा देला म्हणून. त्या बांधीच्या भरवशावर मी म्हशी पाळते. उन्हाळ्यात नुसती धानाची वाळली तणस चावून म्हशी आटतात, म्हणून धानामागून मका लावते. धानाची धसकटं तशीच उभी ठेवायची, त्यांच्या मधात लोखंडी टोच्यानं भोक पाडायचं, दाणे टाकायचे, पायानं दाबायचं. ना नांगर, ना वखर. कणसात दूध भरून दाणा घट्ट होऊ लागला का अख्खं झाड कापून त्याची कुट्टी करायची अन् मोठ्या पिशव्यांत पायानं तुडवून तुडवून भरायची. आत हवा राहिली का बुरशी धरते. चांगला मुरला का पिशवी उघडताना आंबूस वास सुटते अन् म्हशी दाव्याले हिसके देतात. मुरघास म्हणतात याले. तुमच्या काळात हे नव्हतं. तुमच्या काळात तणस होती, अन् त्या तणशीवर मी येतेच.

यंदा पाऊस आधीच पळून गेला. कोणत्या पोरीनं पळवला कोणास ठाऊक! बोडी अर्धीच भरली होती. मक्याले एक पाणी मिळालं, तेवढंच भावालेही मिळालं. बियाणं दोघांनी साकोलीच्या एकाच दुकानातून आणलेलं, मधात फक्त एक धुरा. मक्याले तुरा येण्याच्या वेळेलेच ऊन तापलं अन् बोडीत चिखल उरला. मक्याचा तोच नाजूक वखत. तेव्हा तहानला का मग कितीही पाजा, कणीस भरत नाही. त्याच्या मक्याची पानं सकाळीच गुंडाळून सुरळी होऊ लागली. खालची पानं पिवळी पडली, मग कागदासारखी वाजू लागली. कंबरेएवढ्या झाडाले तुरा आला, कणीस म्हणाल तर बोटाएवढं, त्यातही दाणे पडलेल्या दातांसारखे. माझा मका काही स्वर्गाले टेकला नव्हता. एका कोपऱ्यात माझाही वाळला. पण बाकीचा हिरवा उभा राहिला, कणसं भरली, कारण धसकटांनी माती झाकून धरली होती. मी रोज त्या धुऱ्यावरून जायची अन् मुद्दाम हळू चालायची. त्याच्या वाळल्या पानांचा आवाज मले गोड वाटे. अशी आहे तुमची पोरगी.

आता तणशीचं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. आषाढ अर्धा झाला तरी आभाळ कोरडं. तुमी वावरात बैल उभे करून मोहाच्या झाडाखाली पाणी प्याले बसलेले. मी भाकर घेऊन आली आहे. नांगर मातीत रुतून उभा आहे, त्याची मूठ तुमच्या हाताच्या घामानं अजून ओली. मी ती धरते. काहून धरते, ते आजही मले सांगता येत नाही. धराविशी वाटली, धरली. बैलांना वाटते मालक आला, ते चालाले लागतात. माझ्या पायाजवळ माती उलटून पडते, खालून काळी अन् थंड, तिचा वास येते अन् मले हसू फुटते. दहा-बारा पावलं गेली असेन, तेवढ्यात तुमी ओरडता, "अवं सोड! बाईमाणसानं नांगर धरला का पाणी पळते!" तुमी धावत येता, माझा हात मुठीवरून उपटून काढता अन् मले धुऱ्यावर ढकलून देता. ढोपर फुटलं. तेवढ्यावर मिटलं असतं तर मी आज हे लिहीत बसली नसती. अख्खी रोवणी बायांच्या हातानं होते, कंबर मोडेस्तोवर चिखलात वाकलेल्या असतात त्या, तेव्हा आभाळाले राग येत नाही. नांगराच्या मुठीले पोरीचा हात लागला का लगेच येते! काय नाजूक आभाळ हो तुमचं!

पाणी नाहीच पडलं त्या साली. धानाची रोपं, पऱ्हे, वाफ्यातच वाळले. तुमच्या एकट्याचे नाही, अख्ख्या तालुक्याचे. मग एक दिवस मारुतीच्या पारावर गाव बसलं, पाणी काहून पडून नाही राहिलं याचा विचार कराले. कोणी म्हणे देवीचं काही राहिलं असेल, कोणी काही. अन् तुमी उठले. कोणी विचारलं नव्हतं, बाबा. कोणी पाहिलंही नव्हतं. वावरात तुमी अन् मी, दोघंच होतो. तरी तुमी हात जोडून म्हणाले, "माह्या पोरीनं नांगर धरला. दोष माह्या घरचा आहे." गावात खरा माणूस म्हणून तुमचं नाव झालं, ते त्या दिवसापासून. माझं जे नाव झालं ते तुमाले माहीतच आहे. पाणी पळवणारी पोरगी. पुढं रोवणीले बाया मले ओळीत पहिली उभी राहू देत नसत.

पारावरून घरी आले अन् तुमी मले गोठ्यात नेलं. बैलाच्या दाव्यानं खुंट्याले बांधलं. "नांगर ओढतेस ना? मंग बैलाचं खा," म्हणाले. भावाले मिसरूड फुटलेली होती तेव्हा. तुमी सांगितलं अन् त्यानंच तणशीची पेंढी आणून माझ्यापुढं टाकली. गावची माणसं गोठ्याच्या तोंडाशी उभी. कोणी हसत नव्हतं, तेच जास्त वाईट होतं; सगळे असे पाहत होते, जसं काही चांगलं काम चाललंय. माय दारात होती. मले वाटलं आता ती येईल, दावं सोडेल. ती म्हणाली, "खाऊन घे वं एक घास, मंग सोडतीन ते." मी खाल्ला. तणस चावल्या जात नाही, बाबा. कितीही चावा, तशीच राहते, घशात टोचते, डोळ्यांतून पाणी काढते. तुमी जवळ वाकून पाहिलं, खरंच गिळलं का ते, अन् मग दावं सोडलं. पाणी दुसऱ्या दिवशीही पडलं नाही. त्याबद्दल तुमी पारावर जाऊन काही बोलले नाही.

तर यंदा भाऊ आला. चैताचं ऊन, डोक्यावर दुपट्टा, तोंडात तंबाखूचा खर्रा. माझ्या गोठ्याबाहेरच उभा राहून म्हणते, "बाई, मुरघासाच्या चार पिशव्या दे. जनावरं हाडावर आली." त्याच्या गाई मी रस्त्यानं जाता-येता पाहतच होती, बरगड्या मोजून घ्या अशा. मले माहीत होतं हा येणार. मका करपला त्या दिवसापासून मी त्याचीच वाट पाहत होती, अन् काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पिशवी उघडली, मूठभर मुरघास काढला अन् त्याच्यापुढं धरला. म्हटलं, "दादा, पयले तू खा."

"काय?"

"एक घास. खाऊन दाखव. मंग पिशव्या ने."

"येड लागलं का तुले? जनावराचं मी कायले खाऊ?" असं म्हणून तो हसला, अन् हसता हसता त्याची नजर माझ्यामागं म्हशीच्या खुंट्यावर गेली. तिथं त्याचं हसणं थांबलं. मले वाटत होतं तो विसरला असेल. नव्हता विसरला. बाजूले जाऊन त्यानं खर्रा थुंकला, तोंड पुसलं, परत येऊन माझ्या हातातून मुरघास घेतला अन् तोंडात घातला. आता साठीले आलेला माणूस, अर्धे दात पडलेले. आंबट कुट्टी चावताना त्याचा जबडा इकडून तिकडं फिरत होता. खोकला आला तरी थुंकलं नाही. मी वाकून पाहिलं, बाबा, गिळलं का ते. अगदी तुमच्यासारखंच वाकून पाहिलं. अन् मले मजा आली. खोटं कायले बोलू! पोटभर मजा आली. वरून त्याले पिशव्या देल्या त्या वाळलेल्या कोपऱ्यातल्या, कणसं कमी अन् दांडेच जास्त असलेल्या. त्यानं उचलल्या अन् गेला. सुंभ जळते पण पीळ जात नाही म्हणतात, ते मी त्याच्यासाठी म्हणायची. आता कोणासाठी म्हणावं, कळत नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. पिशव्यांबद्दल भांडाले आला असेल, म्हणून मी कंबर कसून उभी राहिली. तर त्याच्या गाडीत तुमचा नांगर. लाकडाचा, तोच. घरात ट्रॅक्टर आला तरी त्यानं तो इतकी वर्षं जपून ठेवला होता. त्यानं एकट्यानंच तो उतरवला अन् माझ्या भिंतीले टेकवला. म्हणाला, "बाबाचा आहे. तू ठेव." माफी नाही मागितली. तुमच्या घरात ते कोणाले येतच नाही. पण जाताना मुठीवरची धूळ त्यानं दुपट्ट्यानं पुसली, अन् मूठ माझ्या दाराकडे राहील असा फिरवून ठेवला. आदल्या दिवशी मी त्याले खाऊ घातलेला घास तेव्हा माझ्याच घशात टोचला.

मागच्या आठवड्यात आसगावकडच्या बाया गाडी करून माझा मका पाहाले आल्या होत्या. मका तर निघून गेलेला, धसकटंच पाहिली त्यांनी, पिशव्या हुंगल्या. एकीनं विचारलं, "ताई, बिना नांगराचं कराचं तुमाले सुचलं कसं?" मी नेहमी सांगते तेच सांगितलं. नांगरलं का ओल उडते, धसकट राहिलं का माती झाकून राहते, डिझेल वाचते, पेरणी लवकर होते. बाया माना डोलवत होत्या. यातलं काहीच खोटं नाही. पण हे सगळं मले नंतर कळलं. पहिल्या वर्षी मी ट्रॅक्टर सांगितला होता, बाबा. चारचौघांसारखंच नांगरायचं होतं मले. ट्रॅक्टरवाला वर बसूनच म्हणाला, "बाई, जरा नांगराची पिन तेवढी लावून द्या." माझा हात पुढं गेला अन् मधातच थांबला. तो वाट पाहत राहिला. मी म्हटलं, राहू दे, नांगरायचंच नाही मले, जा. तो गेल्यावर धुऱ्यावर बसून रडली, अन् दुसऱ्या दिवशी टोचा घेऊन धसकटात दाणे कोंबले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. मका उगवला तेव्हा सगळ्यात जास्त नवल मलेच वाटलं होतं.

हे पत्र टाकायचं कुठं? चुलीत घालीन. सकाळी वावटळ आली अन् तुमचा नांगर गोठ्याच्या तोंडाशी आडवा पडला. तेव्हापासून म्हशी बाहेर उन्हात उभ्या आहेत. दोनदा वाकली मी त्याच्यावर अन् दोनदाही हात न लावता उठली. लाकूडच आहे ते, किती जड असणार? शेवटी भावाच्या दारात जाऊन उभी राहिली अन् म्हटलं, "दादा, जरा येऊन नांगर उचलून दे, माही कंबर धरली." तो जेवत होता, तसाच हात धुऊन उठला. येऊनच राहिला तो आता. माझी कंबर ठणठणीत आहे, बाबा.