तिसरी हाक

बुधवार, दिवेलागण. गारखेडा.

एका मोठ्या कलासंग्रहालयानं जुन्या गोधड्यांचे फोटो आणि त्या शिवताना बायकांनी म्हटलेली गाणी सगळ्यांना फोनवर बघता-ऐकता येतील अशी ठेवलीत. लासूरकडच्या आमच्या गावचं गाणं लावलं. गाण्यामागं आई हाक मारते, "बाळ्या, घरी ये." दोनदाच. आईला जाऊन वीस वर्षं झाली. पण शहागंजच्या दुकानात मी गिऱ्हाईक पावलांच्या आवाजावरून ओळखतो, तिचा आवाज ओळखायला चुकेन? तीच सांगायची, "तिन्हीसांजेला दोन हाकांना ओ द्यायची नाय. भूत तिसरी हाक मारत नाय." चारदा ऐकलं. हाका दोनच. गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा मी ओ दिली होती का? आठवत नाही. फोन बंद करून ठेवला.

मग तिसरी आली. मी ओ दिली.

आतून बायको म्हणाली, "कुणाला ओ दिली हो? मी कुठं हाक मारली?"