सत्ती-दुर्रीवर सासूबाईंना बाद केल्याबद्दल

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून रुसलेलाच आहे? वहिनींना सांगा, त्यांनी कळवलेला काढा मी घेतला. खोकला गेला, पण तोंडाची चव अजून परतलेली नाही. इकडे आम्ही तिघेही देवाच्या कृपेने बरे आहोत. त्यांतल्या त्यात तुमच्या मातोश्री, म्हणजे आमच्या सासूबाई, सर्वांत जास्त बऱ्या आहेत. त्यांच्याविषयीच हे पत्र आहे. पण मुद्द्यावर यायला मला थोडा वळसा घालून यावं लागेल. वळसा दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावरून आहे, तेव्हा जरा दम धरा.

गेल्या रविवारी सकाळी प्रार्थना झाल्यावर मी आईंची निळी बॅग माळ्यावरून खाली काढली, ओल्या फडक्याने पुसली, तिची चेन तीनचारदा उघडून-मिटून पाहिली आणि परत माळ्यावर ठेवून दिली. तुमची बहीण खालून स्टूल धरून उभी होती. तिने विचारलं, "हे काय चाललंय?" मी म्हणालो, "धूळ बसली होती." आदल्या दिवशी तुमचा निरोप आला होता, की पुढच्या आठवड्यात आईला न्यायला येतो, अर्थात आईची इच्छा असेल तर. तो निरोप मी आईंना वाचून दाखवला. आई म्हणाल्या, "बघा, तुम्हाला सोयीचं असेल तसं." तुमची बहीण म्हणाली, आईला हवं तसं. मी म्हणालो, आईंची इच्छा. असे आम्ही सगळे एकमेकांसाठी दार उघडं धरून उभे राहिलो आणि आत कोणीच जाईना.

आता दवाखान्याकडे येतो. आमच्या दुकानासमोर (वजनकाटे दुरुस्तीचं दुकान तुम्ही पाहिलं आहेच, आता पाटी नवीन आहे, काटे तेच आहेत) दातांचे डॉक्टर राहतात. दर रविवारी दुपारी ते पेशंटांच्या खोलीत पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ भरवतात. घाबरू नका, पैसा नाही. प्लास्टिकच्या चकत्या असतात, सगळ्यांना सारख्या मिळतात, ज्याच्या संपल्या तो उठतो आणि शेवटी जो बसून राहतो तो जिंकतो. बक्षीस म्हणून प्लास्टरची एक दाढ आहे, कलिंगडाएवढी, मुळांसकट. ती जिंकणाऱ्याच्या घरी वर्षभर राहते. गावच्या शाळेत आमच्या गुरुजींनी एकदा माझ्या खिशातून एकुलता एक गुलाम जप्त केला होता. तेव्हापासून मी पत्त्यांना हात लावला नव्हता. पण डॉक्टरांनी माझी अक्कलदाढ काढताना आग्रह केला. तोंडात दोन नळ्या असताना माणसाला नाही म्हणता येत नाही.

खेळाचा एक नियम सांगतो, तेवढा कळला की बाकीचं पत्र कळेल. दर डावात दोघांना पाळीपाळीने पत्ते पाहण्याआधीच चकत्या टाकाव्या लागतात. एकाने एक, दुसऱ्याने दोन. याला ब्लाइंड म्हणतात, म्हणजे डोळे झाकून द्यायची वर्गणी. त्यामुळे नुसतं बसून राहिलं तरी चकत्या झिजत जातात. ज्याच्याकडे फार थोड्या उरतात, त्याला मग एकच मार्ग राहतो. तो आपल्याजवळचं सगळं एका फटक्यात पुढे सरकवतो आणि म्हणतो, "ऑल-इन." समोरच्याने एकतर तेवढ्याच चकत्या लावून सामना करायचा, नाहीतर पत्ते टाकून मधला ढीग त्याला देऊन टाकायचा.

दादा, खरं सांगतो, हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. समोरच्या केस कापणाऱ्याने (त्याला सगळे टक्कलशेठ म्हणतात, आणि तो स्वतःही म्हणतो) चार चकत्या पुढे सरकवल्या, हात मांडीवर घेतले आणि छताकडे पाहत बसला. माझ्या मनात आलं, मी इतकी वर्षं रोज सकाळी हात जोडून देवाला सांगतो, की सगळं तुझ्यावर सोपवलं. आणि सांगताना एक डोळा किलकिला करून दूध उतू जातंय का ते बघत असतो. हा माणूस गुळगुळीत डोकं घेऊन ते खरोखर करतो आहे! आणि त्यानंतरची ती शांतता! दोघांचे पत्ते उघडे पडलेले, आता कोणाच्याही हातात काही नाही, पाच सामाईक पत्ते मधे उलटायचे, ते आपल्या दोन पत्त्यांना जोडून ज्याचं जास्त जमेल तो जिंकला. ते पाच पत्ते आत्ता ठरत नाहीत, पिसून ठेवल्या क्षणापासून तिथेच असतात, आपल्यालाच ते दिसत नसतात. मी हे डॉक्टरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे, पण तुमची पाळी आहे."

मी कसा खेळतो हे तुम्हाला सांगायला नकोच. कोणी बाद झालं की मला वाईट वाटतं. मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला जातो, चपला सरळ करून देतो, घरच्यांची चौकशी करतो. तोवर इकडे माझ्या वाटणीची वर्गणी मधे पडत राहते, कारण खुर्ची रिकामी असली तरी पाळी चुकत नाही. एकदा मी टक्कलशेठच्या मुलीच्या परीक्षेबद्दल जरा सविस्तर विचारलं आणि परत येईपर्यंत माझा निम्मा ढीग गेला होता.

तर अशा या खेळाला मी आईंना घेऊन गेलो, घरात एकट्या बसतात म्हणून. पहिल्या रविवारी त्या कडेला बसून लोकर विणत होत्या. दुसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, "राणी मोठी की गुलाम?" तिसऱ्या रविवारी त्यांनी डॉक्टरांना बाद केलं आणि वर सांगितलं, "चांगले पत्ते आले की तुमची भुवई हलते हो, लक्ष ठेवत जा." त्या दिवसापासून डॉक्टर कपाळाला रुमाल बांधून खेळतात.

गेल्या रविवारी वार्षिक सामना होता. ज्या सकाळी मी बॅग पुसली, त्याच दुपारी. बाकीचे एकेक करून उठले (मी सर्वांना जिन्यापर्यंत सोडून आलो) आणि शेवटी आम्ही तिघे राहिलो. डॉक्टर, आई आणि मी. टक्कलशेठ बाद झाला होता, म्हणून पत्ते वाटत होता. आईंच्या चकत्या अगदी तळाला गेल्या होत्या. आणि इथे माझी पंचाईत सुरू झाली. मोठी वर्गणी माझी असली की आई नेमकं सगळं पुढे सरकवायच्या. पहिल्यांदा माझ्याकडे एक्का-राणी होती. मी टाकली. "घ्या आई, तुम्ही घ्या," असं म्हटलंही, बसमध्ये जागा देतात तसं. दुसऱ्यांदा दोन गुलाम होते. तेही टाकले. ज्यांना आपण वाकून नमस्कार करतो त्यांना "उठा आता" कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा. आईंनी चकत्या ओढून घेतल्या, पण चेहरा असा केला की जणू मी त्यांच्या ताटात उष्टं वाढलं. पण आई तावडीत आल्या की डॉक्टर त्यांच्याकडून जिंकत होते, त्यामुळे आई पुन्हा तळाला.

चहाच्या सुट्टीत डॉक्टरांनी मला हात धुण्याच्या बेसिनपाशी गाठलं. "अहो, तुम्ही तराजूवाले ना? आईंकडे आहेत पाच. त्या पाच लावतात, माझी एक आत पडलेली, तुमच्या दोन आत पडलेल्या. झाले आठ. तुम्हाला आणखी फक्त तीन टाकायच्यात. तीन टाकून आठ मिळतायत! हातात काहीही असलं तरी सामना करायचा. कुठलेही दोन पत्ते!" मी उभ्याउभ्या गुरुजींची पावकी म्हणून पाहिली. आठ आणि तीन अकरा, अकरा पाव पावणेतीन. म्हणजे चारांत एकदा जिंकलो तरी जवळजवळ फिटंफाट, आणि कितीही भिकार पत्ते असले तरी चारांत एकदा तर बहुतेक जिंकतातच. दादा, मी थक्क झालो. आयुष्यभर मी समजत होतो, की चांगले पत्ते आल्यावर बोलायचं असतं. आणि इथे हिशेब सांगत होता, की पत्ते बघूच नकोस, समोर काय आहे आणि तुला त्यासाठी किती थोडं द्यायचंय ते बघ.

परत येऊन बसलो. टक्कलशेठने पत्ते वाटले. आईंनी पाच चकत्या पुढे ढकलल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऑल-इन. टाका, जावईबापू, टाका पत्ते, तुमची सवय आहे." डॉक्टरांनी रुमालाखालून माझ्याकडे पाहिलं आणि आपले पत्ते टाकले. मी माझे पाहिले. सत्ती आणि दुर्री, वेगवेगळ्या रंगांची. पोकरमध्ये यापेक्षा वाईट पत्ते नाहीत असं म्हणतात. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि तीन चकत्या पुढे सरकवल्या.

आईंनी पत्ते उलटले. राजा आणि नव्वी. मी माझे उलटले. टक्कलशेठ "अरेरे" म्हणाला. मधे गुलाम आला, पंजी आली, तिर्री आली. मग एक्का. आई राजावर पुढे होत्या आणि एकच पत्ता राहिला होता. त्या शांततेत मला माझ्याच घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती आणि भिंतीवरच्या चित्रातली दाढसुद्धा श्वास रोखून होती. टक्कलशेठने पत्ता उलटला. दुर्री.

"जोडी झाली! सासूला हाकललीत की हो!" टक्कलशेठ ओरडला. मी उभाच राहिलो होतो, माफी मागायला. पण आई टेबलावर दोन्ही हात टेकून माझ्याकडे वाकल्या. सगळा चेहरा उजळलेला. म्हणाल्या, "अरे गाढवा! सत्ती-दुर्रीवर?"

दादा, लग्नापासून आजवर त्या मला "अहो जावईबापू"च म्हणत आल्या आहेत. तुमच्या बहिणीला हे सांगितलं तर ती आधी हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी रिवाजाप्रमाणे त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. पण आई उतरल्याच नाहीत, वरच्या पायरीवर बसल्या. म्हणून मीही बसलो. त्या म्हणाल्या, "तुझ्या घरात आले तेव्हापासून माझ्याशी कोणी भांडलं नाही. परवा भाजीत मीठ दोनदा पडलं, तू म्हणालास, छान झालीय आई. खिडकी मी उघडली की उघडी, मिटली की मिटलेली. असं पाहुणीला वागवतात रे. पाहुणीनं किती राहायचं?"

"मग जाऊ नका," मी म्हणालो.

"हे आधी बोलायला तोंड नव्हतं?"

"तोंड होतं. पत्ते चांगले यायची वाट बघत होतो."

त्या इतक्या हसल्या की खालच्या शिंप्याने दार उघडून पाहिलं. मग आम्ही भांडलो. खिडकीवरून, मिठावरून, मी पहाटे मोठ्याने प्रार्थना म्हणतो त्यावरून ("देव बहिरा नाही, आणि मीही नाही"). फार छान भांडण झालं. आत टक्कलशेठ रिकाम्या खुर्चीला पत्ते वाटत होता आणि डॉक्टर माझी वर्गणी एकेक करून जिंकत होते. आम्ही आत गेलो तेव्हा डॉक्टर दाढ मांडीवर घेऊन बसले होते. पुढे एकही डाव न खेळता मी हरलो होतो.

तेव्हा दादा, तुमच्या निरोपाला माझं उत्तर असं, की आईंची इच्छा काय आहे ते त्या तुम्हाला स्वतः सांगतील. माझी इच्छा मात्र मी सांगतो. त्या इथेच राहाव्यात. तुम्ही त्यांचे चिरंजीव, तुमचा हक्क मोठा आहे, हे मला मान्य आहे. तरी मी सामना करतो आहे.

सर्वांस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुमचा,
मेहुणा

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठी लिहायला घेतलं होतं: आईंचं शिवणाचं मशीन तुमच्याकडे आहे, ते येताना घेऊन या. न्यायला येऊ नका, पण राहायला जरूर या, आणि रविवार धरून या. तुमचीही भुवई हलते का ते आईंना बघायचं आहे.

ता. ता. क. आईंनी हे पत्र आत्ता वाचलं (मी दिलं नव्हतं; त्या आता विचारत नाहीत). त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या आहेत. एक, मीठ दोनदा पडलं नव्हतं, त्यांनी मुद्दाम टाकलं होतं. दुसरी, त्या डावात त्यांनी आपले पत्ते पाहिलेच नव्हते. राजा आहे की रद्दी, त्यांना माहीत नव्हतं. त्या नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पण मी तर लिहिलं आहे, की त्या माझ्याकडे बघत नव्हत्या! त्यावर त्या म्हणतात, तेच तर पोकर.

ता. ता. ता. क. निळी बॅग आज सकाळी पुन्हा माळ्यावरून काढली. पुसली नाही. तशीच धुळीसकट डॉक्टरांना देऊन आलो, चकत्या ठेवायला.