परीट आला की नाही, आणि वळवणची बाग

एक शीळ अजून कानात आहे. कुंपणावर उन्हे आली की ती यायची: आधी दोन लांब सूर, मग एक वाकडा, शाळा बुडवून हिंडणाऱ्या पोराच्या तोंडून निघावा तसा. आमच्या ओढ्यावरचा शीळकरी कस्तूर पक्षी पावसाळाभर अशीच शीळ घालतो आणि आश्विन लागला की गप्प होतो. म्हणून आश्विनात ती ऐकू आली की समजायचे, कोंडू ठाकर कामावर आला. ती शीळ थांबून सव्वीस वर्षे झाली. तिच्यापायीच हा कागद लिहीत आहे.

मी, हौशीराम बजरंग केदारी, वय एकाहत्तर, लोणावळ्याच्या मराठी शाळेतून पेन्शन घेतलेला शिक्षक, राहणार वळवण, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यामुळे ओळी चढउतार करतील. बुद्धी अजून ओळीवर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. पुतण्याने समजूत घालून पाहिली, त्याला मी धाक म्हणत नाही. यापूर्वीच्या मृत्युपत्रात सर्व काही त्यालाच दिले होते, ते आजपासून रद्द समजावे.

कलम पहिले. राहते घर, त्यातील भांडीकुंडी, शिसवी टेबल व भिंतीवरचे घड्याळ माझा पुतण्या महिपती यास मिळावे. त्याने माझी औषधे वेळेवर आणली आहेत, हे मी विसरलेलो नाही. घड्याळ रोज पाच मिनिटे मागे पडते. ते तसेच राहू द्यावे, शाळेची घंटा चुकण्याची भीती आता कोणाला नाही.

कलम दुसरे. घरामागची अर्धा एकर बाग. पूर्वेस ओढा, पश्चिमेस घराची मागली पायरी, उत्तरेस मेंदीचे कुंपण, दक्षिणेस शेजारच्या बंगल्याची भिंत. आत उंबर एक, पेरू चार, जांभूळ एक. पांगाराही होता, तो महिपतीने गेल्या साली मला न विचारता तोडला. दयाळ पक्षी सकाळी त्याच्याच शेंड्यावरून बोलायचा. ही बाग मी कोंडू ठाकर, राहणार डोंगरावरची ठाकरवाडी, यास देतो. तो हयात नसल्यास त्याची मुलगी बाया हिला मिळावी. उंबर तोडू नये. मेंदी कार्तिकाच्या आधी कातरू नये, तीत मुनियांची घरटी असतात.

महिपती बंगल्यांची बांधकामे घेतो. त्याने उंबराच्या जागी मुंबईच्या एका शेटजीला चार खोल्या बांधून देण्याचे कबूल केले आहे. वरील कलम त्याला वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "आबा, बाग ठाकराला? लोक म्हणतील म्हाताऱ्याला चळ लागला." लोक म्हणोत. पण मी मेल्यावर तो कोर्टात हेच म्हणेल आणि बाग जाईल अशी मला धास्ती आहे. म्हणून कारण सविस्तर लिहितो.

कलम तिसरे, कारण. सन १९१२ साली जागा घेतली तेव्हा इथे नुसते दगड होते. कोंडूने खणून झाडे लावली. पाखरे मी पुस्तकात शिकलो होतो, बागेत ती त्याने दाखवली. एकदा उंबराखाली बसून मी त्याला चौथीच्या पुस्तकातली पक्ष्याची कविता चालीवर म्हणून दाखवली. ती ऐकून तो म्हणाला, "मास्तर, ह्ये लिवनारा झाडाखाली बसला नसंल."

पाऊस सरला की आमची पैज लागायची, परीट आधी कोणाला दिसतो याची. राखी पांढरा, चिमणीएवढा, शेपूट सारखी आपटत चालणारा पाहुणा पक्षी. तो उत्तरेकडून येतो आणि ओल्या पायरीवर किडे टिपतो. कोंडू आला की शिळेनंतर त्याचा पहिला प्रश्न, "पाखरू आलं का, मास्तर?" मी तारीख वहीत लिहायचो. खाली एखादी ओळ:

शेपटीचा ताल धरी, थेंबाथेंबांत पाय,
लांबून आला पाहुणा, कुणा शोधीत जाय?

माझीच आहे. पहिल्या चरणात एक मात्रा कमी पडते, ती अजून सापडलेली नाही.

सन १९१७. दसऱ्याच्या सकाळी शाळा तपासणारे डिपुटीसाहेब आमच्या घरी फराळाला येणार होते आणि हेडमास्तरची जागा रिकामी होती. दसऱ्याला चास पक्षी दिसणे भाग्याचे, हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मनात आले की साहेबांना चासाचे दर्शन माझ्याच बागेत व्हावे. मी कोंडूला एक धरून आणायला सांगितले. तो नाही म्हणाला. "दसऱ्याचं पाखरू धरायचं नसतं, मास्तर. हून दिसलं तर त्याचा गुन." मला राग आला. शिकलेला मी होतो. बाजारात आलेल्या एका पारध्याकडून चास आणवला, त्याच्या पायाला काळा दोरा बांधून पेरूच्या फांदीवर बसवला. पंख उघडले की निळ्या काचेसारखे दिसायचे. तो सारखे उघडत होता, उडता येत नव्हते म्हणून.

साहेब आले, मी पेरूकडे बोट केले, तर फांदीवर तुटका दोरा लोंबत होता. साहेब हसले. मी चारचौघांत कोंडूकडे बोट वळवले आणि म्हणालो की यानेच चोरून विकला. त्याला चावडीवर नेऊन दिवसभर उन्हात उभा केला, कोणी दोन छड्याही मारल्या. संध्याकाळी तो बागेकडे न पाहता डोंगर चढून गेला. हेडमास्तरची जागा मला मिळाली.

पुढच्या आश्विनात इन्फ्लुएंझाच्या साथीत माझी पत्नी अंबूबाई गेली. जाण्याआधी दोन दिवस तिने उशाखालची कात्री माझ्या हातात दिली. "दोरा मी कापला होता," ती म्हणाली. "तुम्हाला सांगणार होते, पण तुमचा तो चेहरा पाहून भ्याले. त्या ठाकराला सांगून या." मी हो म्हटले. गेलो नाही. दर साली ठरवले, पाऊस सरला की जाऊ. पाऊस सरायचा, परीट यायचा, मी तारीख लिहायचो आणि डोंगराकडे पाठ करून बसायचो. जो मास्तर पोरांना खरे बोलण्याची कविता पाठ करायला लावी, त्याचे हे पाठांतर.

यंदा भाद्रपदात माझा मित्र भिमाजी, रेल्वेतला सांधेवाला, आता रिटायर, याने बाजारात मोळी विकायला आलेल्या एका ठाकरणीकडे निरोप दिला: मास्तरांनी चूक कबूल केली आहे, कोंडूने यावे. उत्तर आले नाही. भिमाजीचे मत कोंडू आता नसावा असे आहे.

कलम चौथे. अंबूबाईची कात्री बाया हिला द्यावी आणि ती कशाची आहे ते सांगावे.

कलम पाचवे. पाखरांच्या एकतीस वह्या महिपतीला. अट अशी की त्याने दर साली परीट आल्याची तारीख लिहावी. एकतिसाव्या वहीत यंदाची जागा कोरी आहे. आश्विन संपला, कार्तिक लागला, मी रोज पायरीपाशी बसतो, मला परीट दिसलेला नाही. तो आला नाही की माझे डोळे गेले, हे मला कळत नाही. कोणाला विचारावे तर, महिपतीला परीट आणि चिमणी एकच.

कलम सहावे. दक्षिणेच्या बंगल्यातील गृहस्थास काही नाही. त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एकोणीस होल्यांची यादी चौदाव्या वहीत आहे. हवी तर नक्कल घ्यावी.

माझी राख ओढ्यात सोडावी. शोकसभेत कोणी कविता म्हणू नये, चाल चुकते.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

हौशीराम बजरंग केदारी
मुक्काम वळवण, लोणावळा, तालुका मावळ
कार्तिक शुद्ध दशमी, शके १८६५, नोव्हेंबर १९४३

साक्षीदार:
१. भिमाजी, निवृत्त सांधेवाला, लोणावळा. सही.
२. झुंबरबाई, दूधवाली, वळवण. डाव्या हाताचा अंगठा.

सह्यांनंतर लिहिलेले, मृत्युपत्राचा भाग समजू नये.

टीपकागद दाबत होतो, तोच कुंपणाकडून शीळ आली. दोन लांब सूर आणि एक वाकडा, त्यात सुरापेक्षा वाराच जास्त, दात पडलेल्या तोंडाचा. कार्तिकात कस्तूर बोलत नाही. भिमाजीने कप खाली ठेवला. झुंबरबाई मागल्या दाराच्या फटीतून पाहून आली.

"आबा, कुनी म्हातारा ठाकर हुबा हाये. कोंडू म्हंतोय. आत ये म्हनलं तर येईना. इचारतोय, पाखरू आलं का म्हून."

मी बसल्या जागेवरून सांगितले, "यंदा नाही आलं, कोंडू. मला दिसलं नाही."

मग दारापलीकडून हलक्या आवाजात आले, "हळू या, मास्तर. पायरीवरच हाये."

एवढे लिहून उठतो. दार सावकाश उघडायचे आहे.