उंदरांना गाण्यातलं काय कळतंय

३ फेब्रुवारी, मंगळवार

रानतुळशीच्या अर्काने उंदरांची भीती निम्मी झाली. दुजोरा – प्रा. कल्याण औटी, श्रीरामपूर रस्त्यावरच्या फार्मसी कॉलेजचे विभागप्रमुख. सांगताना इतके खूश होते, की अर्क त्यांनीच घेतला असावा.

प्रयोग साधा. अधिकच्या चिन्हासारखी उंच फळी. दोन बाजूंना भिंती, दोन उघड्या. घाबरलेला उंदीर भिंतीआड दडतो, निवांत असलेला उघड्यावर हिंडतो. नुसतं पाणी पाजलेले दडले, अर्कवाले हिंडले. शिंगणापुरात माणसं बिनदाराच्या घरात झोपतात, त्यांना कोणी मोजलं नाही.

येत्या सोमवारी कॉलेजच्या संस्थाध्यक्षांचा वाढदिवस. त्याच दिवशी चिंतेवर, झोपेवर उतारा म्हणून संस्थेच्या अर्काच्या बाटल्या बाजारात, बातमी आमच्या पुरवणीत. पीए कानिफनाथांची एकच सूचना – "मॅडम, सायबांचा फोटो उंदरापेक्षा मोठा पायजे."

५ फेब्रुवारी, गुरुवार

फोटोसाठी कॉलेजात. संशोधन खरं तर सुकन्याचं. ती सरांच्या हाताखाली पीएचडी करते. सहज विचारलं, चाचण्या कधी झाल्या?

"पाणीवाल्यांची वीस जानेवारीला. मी नेवाशाला बहिणीच्या साखरपुड्याला गेले होते, म्हणून सरांनी घेतली. अर्कवाल्यांची दुसऱ्या दिवशी मी."

वीसला मी कॉलेजच्याच मैदानावर होते. अध्यक्षांच्या चिरंजीवांचा सत्कार. दोन डीजे, फटाक्यांच्या माळा. रात्रभर कान वाजत होते. हे तिला सांगितलं. ती हातातला पिंजरा ठेवायचीच विसरली.

"म्हणजे पाणीवाले डीजेला घाबरले. आणि आपण म्हणतोय, अर्काने बाकीचे धीट झाले." मग हळूच – "आईने झोपेच्या गोळ्या बंद करायचं ठरवलंय, मॅडम. बाटली सांगून ठेवलीय."

दोघी सरांकडे गेलो. सर हसले. "अहो, उंदरांना गाण्यातलं काय कळतंय?" मग तिच्याकडे वळून – "तुझ्या प्रबंधावर सही मला करायचीय. लक्षात असू दे."

तिच्या लक्षात होतं. चेहऱ्यावरून दिसत होतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बातमी लिहिली नाही. संपादक – "काय अडलंय?" म्हटलं, उंदरांची दुसरी बाजू घ्यायचीय. त्यांनी फोन ठेवला.

७ फेब्रुवारी, शनिवार

सुकन्याने राखीव उंदीर काढले. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना पाणी, सगळ्यांची चाचणी एकाच सकाळी. मैदानावर शुकशुकाट. मला बोलावलं, ते बरं केलं.

सर आलेच. "कोणाला विचारून चाललंय हे?"

"सर, तुमच्यासारखी नजर कोणाची नाही. तुम्हीच मोजा ना. कोण अर्कवाला, कोण पाणीवाला, ते शेवटी सांगते."

पोरीने बरोबर नस पकडली. नजरेचा विषय निघाला की सर कुठेही बसतात. बसले. पहिला उंदीर उघड्यावर निघाला. "हा बघ, अर्कवाला. चालीवरून कळतं." दुसराही चालीवरून कळला. मग तिसरा, चौथा... हळूहळू सरांचं बोलणं कमी होत गेलं. सगळेच हिंडत होते. जत्रेत फिरावं तसे.

शेवटी तिने खुणा वाचून दाखवल्या. दोन्ही गट सारखेच. चालीवरून ओळखलेला पहिला पाणीवाला निघाला.

सरांनी चहा मागवला आणि तो तसाच ठेवून उठले. मी विचारलं, बातमीत काय लिहू?

"उद्या दुपारी सांगतो."

पान उद्या संध्याकाळी छपाईला जातं. सुकन्या पिंजरे धूत राहिली. धुतलेलेच पुन्हा.

८ फेब्रुवारी, रविवार

सरांचा फोन. "लिहून घ्या. डीजे चालू असताना चाचणी मी घेतली. अर्काचा परिणाम दिसत नाही. नाव माझं टाका, तिचं नको. तिच्या प्रबंधावर, खऱ्या आकड्यांसकट, आज सकाळीच सही केली – उद्यापासून माझी सही चालेल की नाही, सांगता येत नाही."

अध्यक्षांनी त्यांना उद्या बोलावलंय. केक कापायच्या आधी.