संत्र्याच्या जागी काळोख

सर, तुमची कवळी टिपलेली काच काल कपाटातून काढली. तुमच्या शेवटच्या वयापेक्षा मी आता मोठा आहे, तेव्हा थोडी थट्टा चालवून घ्या. संस्कृत पाठशाळेत रूपं घोकून मग पदार्थविज्ञानाकडे वळलेला मी तुमचा डेमॉन्स्ट्रेटर, आणि तुम्ही ऐन तरुणपणी धम्मदीक्षा घेतलेले प्राध्यापक. देव एका दिवसात सोडले, तंबाखू-सुपारीचा खर्रा काही सुटत नाही, असं तुम्हीच सांगायचात. त्या खर्र्यानं आधी दात नेले. उरलेल्याचा हिशेब तेव्हा यायचा होता.

कॉलेजच्या तळघरात तुम्हाला होलोग्राम करायचा होता: लेसरच्या उजेडात काचेवर वस्तू अशी टिपायची की मान हलवली तर तिची बाजूही दिसावी. वस्तू कोणती, यावर चर्चाच नव्हती. नागपूरचा होलोग्राम म्हणजे संत्रं. कळमन्याच्या बाजारातून निवडून आणलेलं ते फळ आपण देवासारखं पाटावर बसवलं. काच धुतली की काळी व्हायची, पण तिच्यात काहीच दिसायचं नाही. मी डेव्हलपरला दोष दिला, मग उन्हानं तापलेल्या नळाच्या पाण्याला. बर्फ आणून ट्रेखाली ठेवला. तुम्ही ओली काच हिरव्या दिव्यासमोर धरून म्हणालात, "काच काळी झाली ना गा? म्हणजे उजेड पोचला. चित्र नाही म्हणजे काहीतरी हललं. तू काहून केमिकलले शिव्या देऊन राहिला?" हादरे शोषायला टेबलाखाली स्कूटरच्या ट्यूबा होत्या, वर वाळूची पेटी होती, आणि खिडकीत कूलर घरघरत होता. चैत्र लागलेला, नागपुरात कूलरला कोणी यंत्र समजत नाही, तो भिंतीचाच भाग. तो बंद करायचं आपल्या दोघांनाही सुचलं नव्हतं.

कूलर बंद केला आणि पाट उमटला, त्याच्या शिरांसकट. पाटावर मात्र संत्र्याच्या आकाराचा गोल काळोख. तुम्ही बराच वेळ मान डावी-उजवीकडे करून त्या काळोखात बघत राहिलात. झाडावरून उतरलं तरी फळ सुकतं, बसतं, डोळ्याला कळणार नाही इतकं हलतं. आणि चित्र पुसायला उजेडाला तेवढंही पुरतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तुमच्या जबड्याचा निकाल सांगितला. अर्धा काढावा लागणार होता. तुम्ही ते मला टेबलाची पातळी बघता बघता सांगितलंत, आणि मी पातळीच बघत राहिलो. कोरी काच एकच उरली होती. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तुम्ही आलात, वरची कवळी काढली, रुमालानं पुसली आणि पाटावर ठेवली. "हे काही सुकत नाही," तुम्ही बोळक्या तोंडानं म्हणालात. "उद्यापासून मले बसणार नाही. आज हिचं काम करून घेऊ." मग माझ्याकडे वळून: "शास्त्रीबुवा, तुहा स्थितप्रज्ञ आज कामाले लाव. हलू नको."

कूलर बंद, दार बंद. पाठीवरून घाम उतरतोय आणि तो पुसायचा नाही. शटर उघडं आहे तोवर तुम्हाला खोकला येतो आहे हे मला अंधारात कळतं. घशात काहीतरी अडतं, तुम्ही ते गिळता, पुन्हा गिळता. खोकला आला तो शटर पडल्यावर, आणि मग बराच वेळ थांबला नाही. काच मी एकट्यानंच धुतली.

कवळी उमटली, दातन् दात. तुम्ही काच हातात घेऊन हसलात, आणि तुमचं हसू टेबलावर असल्यामुळे ते जरा विचित्र दिसलं. ऑपरेशननंतर तुम्ही पाटीवर लिहून बोलायचात. पावसाळा संपायच्या आत तेही थांबलं.

काल कॉलेजात लेसर लावून पाहिलं. दात जागच्या जागी आहेत, मान वळवली की दाढासुद्धा दिसतात. तुमच्या घरी द्यायला हवी ही काच, पण कोणाला काय म्हणून देऊ? आणि एक सांगायचं राहिलं. तुमचा चेहरा मला आठवत नाही. बोलत, चघळत, हसत तुम्ही सारखे हलत असायचात. आठवायला बसलो की दात लख्ख दिसतात, आणि त्यांच्या भोवती त्या संत्र्यासारखा काळोख.