त्या दिवशी वडील कोण होतं?

प्रिय करुणा,

जय ख्रिस्त. पत्र बघून दचकू नकोस, घरचे सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण मी चर्चचं नाव काढलं की तुझ्या संगमनेरात नेमकी रेंज जाते. पत्राला रेंज लागत नाही. फाडता येतं, ते मला ठाऊक आहे. पण आधी वाच आणि मग फाड. टपालावर माझा भरवसा नाही, म्हणून आमच्या डेपोच्या संगमनेर गाडीच्या कंडक्टरबरोबर पाठवते आहे.

रविवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सोमवारी नेवासा-शेवगाव गाडीवर ड्युटी होती, तर कुकाण्याचं तिकीट मागणाऱ्याला मी भेंड्याचं दिलं. तो भांडायला उठला आणि मी त्याच्या तोंडाकडे नुसती बघत राहिले. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आज तुमी कुनाचा रुमालबी फेकला न्हाई, बरं हाय ना?" तुला माहीत आहे, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांचं आणि माझं हाडवैर. म्हातारी माणसं दांड्याला लोंबकळतात आणि सीटवर रुमाल बसून येतो. सोमवारी मात्र सगळे रुमाल आरामात शेवगावला पोचले.

झालं असं, की रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मंडळीची वार्षिक सभा होती. शांतवनआप्पा आता पार थकलेत. आपल्या लहानपणापासून तेच मंडळीचे वडील, चर्चचा कारभार बघणारे. पण हल्ली हात इतके कापतात, की प्रभुभोजनाचं ताट धरलं तर भाकरीचे तुकडे थरथरतात. त्यांच्या जागी नवा वडील निवडायचा होता. सभेनंतरचा चहा माझ्याकडे, त्यामुळे मी मागच्या दाराशी बसून बाहेरच्या दुधावर डोळा ठेवून होते. आप्पा काठी टेकत उठले आणि म्हणाले, "माज्या जागी एस्तेरला घ्या." मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

आपल्या मंडळीत बाईमाणूस वडील झाल्याचं तू ऐकलंस का कधी? मी तर नाही. घोडके मास्तर ताडकन उठले. शास्त्र सांगतं, वडील एका बायकोचा नवरा असावा. एस्तेरबाई कुणाच्या नवरा आहेत, ते सभेला कळू दे, असं त्यांनी विचारलं. यावर आमचे रत्नाकर पहिल्या बाकावरून म्हणाले, "घरी येऊन बघा मास्तर, मंग कळंल." सगळी मंडळी हसली, पाळकसाहेबसुद्धा. मग नावावरून घोळ. कुणी म्हणालं वडीलबाई, कुणी म्हणालं वडीलीण. एकाने विचारलं, आता हिच्या पोराने फॉर्मवर वडिलांच्या जागी कुणाचं नाव लिहायचं? मला काही नवल वाटलं नाही. गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर येऊन इतके दिवस झाले, तरी लोक हात पुढे करून "एक नगर द्या" असंच म्हणतात. जिभेला वेळ लागतो.

माझं उत्तर तयार होतं. पाया पडते, पण मला यात घेऊ नका, माझी ड्युटी असते. एवढं म्हणायला मी उठलेही. तेवढ्यात आप्पा परत बोलायला लागले, आणि करुणा, इथून पुढचं वाचणं तुला जड जाईल. पण वाच.

आप्पांनी तो रविवार काढला. भर सभेत, सगळ्यांसमोर, तुझं नाव घेऊन.

आपण दोघी मैत्रिणींनी बारा वर्षं ज्यावर शब्द काढला नाही, तोच रविवार. तू त्या मारकुट्या नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली होतीस. मानेवर वळ होता, म्हणून उन्हाळ्यात गळाबंद पोलकं घालून तिसऱ्या बाकावर माझ्याशेजारी बसली होतीस. वडीलजनांनी आदल्या दिवशी बैठक घेऊन ठरवलं होतं, की तू नांदायला परत जाईपर्यंत तुला प्रभुभोजन नाही. ठरवलं, पण तुला सांगायची हिंमत एकालाही झाली नाही. आप्पा ताट घेऊन बाकाशी आले. तू हात पुढे केलास. त्यांनी ताट तुझ्या हातावरून उचललं आणि माझ्यापुढे धरलं. तुझा तो रिकामा हात मला अजून दिसतो. मी तुकडा घेतला, पदराखाली मोडला आणि अर्धा तुझ्या मुठीत दाबला. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. द्राक्षरसाचा प्याला यायच्या आधी उठून गेलीस आणि त्यानंतर या चर्चची पायरी चढली नाहीस.

हे कुणालाच माहीत नाही, असं मी धरून चालले होते. रत्नाकरांनाही कधी बोलले नाही. पुढे कित्येक महिने आप्पा ताट घेऊन समोर आले की वाटायचं, आज माझ्याही हातावरून उचलतील.

आणि रविवारी आप्पा सांगत होते, "म्या बगितलं हुतं. हिनं पदराखाली भाकर मोडली, ते म्या डोळ्यानं बगितलं. म्या ताट उचाललं, हिनं मोडून दिलं. आता तुमीच सांगा, त्या दिवशी वडील कोन हुतं? म्या का ही?"

मास्तर खाली बसले. बाहेर दूध उतू गेलं, जळल्याचा वास आत आला, तरी एक माणूस जागचा हलला नाही. मीसुद्धा नाही.

लोकांना वाटलं, मी भारावले. कसली भारावते? मला आप्पांचा असा राग आला, की काठी काढून घ्यावी. सगळं दिसलं होतं, कळलं होतं, चूक कुणाची तेही समजलं होतं, आणि हा माणूस बारा वर्षं दर महिन्याला तेच ताट घेऊन फिरत राहिला? तुझी आई गेली, तेव्हा तू कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभी होतीस. हे आत उभे राहून प्रार्थना करत होते. तेव्हा कुठे गेलं होतं हे सगळं? सभेतून मी जळलं पातेलं उतरवायला निघून गेले. पण मंगळवारी त्यांच्या घरी गेले आणि तोंडावर विचारलं.

त्यांनी बचाव केला नाही. म्हणाले, "भ्यालो हुतो. बाकीचे चौघं काय म्हनतील म्हनून भ्यालो. मंग रोज वाटायचं उद्या जाऊ, उद्या जाऊ. उद्याचं लई वाईट असतंय, पोरी." घरात दुसरं कुणी नव्हतं. ते रडत होते आणि मला त्यांची कीव आली, याचा मला आणखी राग आला.

पाळकसाहेबांनी मला पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारपर्यंत वेळ दिला आहे. त्याच दिवशी प्रभुभोजन आहे. रत्नाकर म्हणतात, हो म्हण, उगाच आढेवेढे घेऊ नकोस. मास्तरांनीसुद्धा निरोप धाडला की त्यांची हरकत नाही. सगळ्यांचं मला सांगून झालं. पण ज्या वडीलजनांनी तुझ्या हातावरून ताट उचललं, त्यांच्याच रांगेत मी जाऊन बसायचं का, हे मला फक्त एका माणसाला विचारायचं आहे. म्हणून हे पत्र. तू नको म्हणालीस तर मी नाही म्हणून कळवेन. कारण विचारणार नाही, वाईटही वाटून घेणार नाही. मी निघताना आप्पांनी मला एक मागणं घातलं, तेही तुझ्या कानावर घालते, पुढे तुझी मर्जी: "ती आली तर मला तिच्या शेजारी बसव. आदी तिला दे. तिनं घेतलं, तर मंग मला." त्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही, तो अधिकार माझा नाही आणि त्यांचाही नाही. हो की नको, ते याच कंडक्टरजवळ चिठ्ठीवर लिहून दे. उत्तर काहीही आलं, तरी त्या रविवारी मी लवकर जाणार आहे. रोज लोकांचे रुमाल उचलून फेकणारी मी, तिसऱ्या बाकावर, भिंतीकडच्या तुझ्या जागेवर, माझा रुमाल टाकून ठेवणार आहे. तो कुणी उचलून तर बघू दे.

तुझीच,
एस्तेर